तीन शिळा आणि म्हाळसाची चूल

एका राज्यात म्हातारे फार होते, आणि त्यांतल्या प्रत्येकाला सगळं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की राजकन्या इंदुलेखेच्या तोंडी गेलेला घास वाळू का होतो. नऊ दिवस ती नुसत्या पाण्यावर होती.

राजगुरू म्हणाले, "राजकन्येच्या पणजोबांनी वनवासात तप केलं, त्या तीन शिळांना नमस्कार करा. शाप उतरेल."

राजपुत्र अरिंजय गुरुकुल अर्धवट सोडून आलेला. त्याचा राजगुरूंवर काडीचा विश्वास नव्हता. पण बहीण वाळत चालली होती. तिला डोलीत घालून तो निघाला.

तिन्ही शिळा एका पडक्या गडाच्या अंगाखांद्यावर होत्या. पायथ्याशी म्हाळसा नावाची बाई वाटसरूंना उतरायला जागा देई. रात्री अंथरूण, सकाळी न्याहारी. तिच्या दारात दोनशे वर्षांची साळुंकी बसे.

पहिल्या दिवशी अरिंजय बुरुजावरच्या शिळेला नमला. तिच्यावर कोरलं होतं, 'राजा इथे वाऱ्यावर जगला.' दुसऱ्या दिवशी पायविहिरीत, 'राजा इथे पाण्यावर जगला.' तिसऱ्या दिवशी लेण्यात, 'राजा इथे कंदमुळांवर जगला.' आणि प्रत्येक नमस्कारानंतरच्या सकाळी म्हाळसाचं गरम थालीपीठ इंदुलेखेच्या तोंडात आधी रेती झालं, मग खडे, मग गारगोट्या.

"दादा, पुरे आता," ती म्हणाली. "घरी नेऊन ठेव मला."

साळुंकी म्हणाली, "वाऱ्यावर जगला म्हणे. मग या ओसरीवर पिठलं-भाकरी कोण चापत होतं?"

"कोण?"

"तुझा पणजोबा. सहा महिने. शत्रू मागावर होते, म्हाळसाच्या पणजीनं लपवला. राज्य परत मिळालं, तसा न्याहारी करून उठला, हात धुतले आणि 'अन्नदाता सुखी भव' न म्हणता चालता झाला. गरिबाघरी जेवलो हे कळू नये म्हणून वर या शिळा लावल्या."

"म्हणून तिनं शाप दिला?"

"ती कशाला देते. तिनं ताट घासून ठेवलं. शाप चुलीनं दिला. चौथ्या पिढीच्या लेकीला."

म्हाळसा ओशाळली. "राजे, पाखराचं मनावर घेऊ नका. वाढलेलं बोलून दाखवायचं नसतं."

"मावशी, घरात छिन्नी आहे?"

"जात्याला टाकी लावायची छिन्नी आहे."

अरिंजय दिवसभर शिळा खरवडत होता. राजगुरू मृगाजिनावर बसून उडत आले. "पूर्वजांची अक्षरं पुसता? कुळाला बट्टा लागेल."

"तुम्ही मला खोट्यापुढे वाकवलंत आणि इंदुलेखेच्या तोंडात दगड पडले," अरिंजय म्हणाला. "बाजूला व्हा."

तिन्ही शिळांवर त्यानं एकच ओळ कोरली, 'राजा पायथ्याच्या घरी जेवला.' सकाळी तो चुलीपुढे बसला, हात जोडले. "अन्नदाता सुखी भव. चार पिढ्या उशीर झाला, मावशी. तुमच्या पणजीमुळे आम्ही आहोत."

म्हाळसानं थालीपीठ मोडून इंदुलेखेच्या हातावर ठेवलं. तिनं चावलं. घास घासच राहिला. डोळे पुसत तिनं विचारलं, "मावशी, लोणी आहे अजून?"

राजगुरू मागोमाग येऊन दारातच उभे होते. म्हाळसानं त्यांचंही पान मांडलं. ते तीन थालीपिठं जेवले आणि उठू लागले. ओसरीवरच्या सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

राजगुरू खाकरले. पुन्हा खाली बसले. मग त्या म्हाताऱ्यानं, जन्मात पहिल्यांदा, चुलीपुढे हात जोडले.