हिरवी पट्टी

"बाबा, उपग्रहाच्या नकाशात अख्खा देश रंगलाय, मग आपला पाडाच कोरा कसा?"

लतीफबाबा फकिरांच्या तकियाच्या, त्या छोट्या मठीच्या पत्र्यावर, उपग्रहाचा संदेश पकडणाऱ्या तबकडीशेजारी निहार उकिडवा बसला होता. जर्मनीत शिकून तो मुद्दाम आपल्या सातपुड्यात परतला होता. देशाने एकामागून एक उपग्रह सोडले होते. त्यातल्या एकाचा झोत याच डोंगरांवर होता. जिल्ह्याचे डॉक्टर आता पडद्यावरून रोगी तपासणार होते. पण आज संध्याकाळपर्यंत जोडणी झाली नाही, तर संच दुसऱ्या गावी जाणार होता.

खाली पडद्यासमोर रुमली मावशी सकाळपासून, जोडणी झाली की हिरवी होणाऱ्या पट्टीकडे बघत बसून होती. तिच्या सुनेला आठवा महिना लागला होता.

"कोरा कुठाय?" शिडीवर उभे असलेले लतीफबाबा म्हणाले. "मघाशी तुझा पाय घसरला, तबकडीला धक्का लागला. तेव्हा रुमली काय ओरडली?"

"पट्टी हिरवी झाली, म्हणाली. पण तबकडी जागची हलली होती. मी होकायंत्र लावून परत बरोबर केली."

"बरोबर केलीस..."

"अंश मोजलेत मी, बाबा! तीनदा!"

खालून रुमलीची हाक आली, "भाऊ, मघाशी पडलास तसा पुन्हा पड ना!"

निहारला हसू आलं नाही.

बाबांनी हात पुढे केला. "ते यंत्र दे."

"कशाला?"

हात तसाच राहिला... निहारने होकायंत्र दिलं.

ते घेऊन बाबा शिडी उतरले आणि अंगणातल्या चिंचेखाली जाऊन थांबले. "अरे, वर होती तिथून सुई फिरली की ही!"

निहारने पायाखाली पाहिलं.

पत्रा. लोखंडी पत्रा...

त्याचे कान तापले. मग तबकडीला दोन्ही हात लावून ओणवा झाला.

"मावशी... मी सरकवतो. तू सांग."

"नाही... नाही... अजून जरा... फार झालं, मागे घे... हां! हिरवी! हिरवीगार!"

पाठोपाठ पडद्यातून डॉक्टर बाईंचा अनोळखी आवाज अंगणात आला, "नमस्कार, कोण बोलतंय?"

"मी रुमली. थांबा हं बाई, सुनेला बोलावते!"

निहार दोन-दोन पायऱ्या गाळत खाली आला. "बाबा, पत्रा सुईला ओढतो, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही रे." बाबांनी होकायंत्र त्याच्या तळहातावर ठेवलं. "पडदा खाली आहे आणि तो रुमलीला दिसतो, एवढंच ठाऊक होतं."