दयाळाची अर्धी शीळ

फार पूर्वी एका डोंगराच्या दोन अंगांना दोन खोरी होती. दोन्हीकडे दयाळ पक्षीच राहत, पण अलीकडचे शीळ संपवताना सूर वर चढवत आणि पलीकडचे खाली सोडत. अलीकडे आणखी एक रीत होती. रानात कुणी हरवलं, की घरचा म्हातारा अर्धी शीळ घाली आणि हरवलेला उरलेली अर्धी पुरी करी.

एका उन्हाळ्यात वणव्याने अलीकडचं रान खाऊन टाकलं. एक तरुण दयाळ कसाबसा पलीकडे पोचला. तो गायला, की तिथले खो खो हसत. कुणी फांदीवर टेकू देईना, कुठली मादी ढुंकून बघेना. शेवटी त्याने आपला सूर गिळला आणि त्यांचा उचलला. मग घरटं झालं, पिल्लं झाली.

एके सकाळी, धुराने डोळे अधू झालेला एक म्हातारा दयाळ समोरच्या उंबरावर येऊन बसला. त्याने अर्धी शीळ घातली आणि मान कलती करून थांबला.

"आबा, मीच तो!" दयाळ त्याच्याकडे झेपावला.

"मग पुरी कर ना, लेकरा."

दयाळाने चोच उघडली. सूर खालीच उतरला. पुन्हा घेतला, पुन्हा उतरला.

"म्हाताऱ्याची थट्टा करतोस होय रे?" एवढंच बोलून आबा उडून गेला.

इकडे घरट्यातल्या धाकट्या पिल्लाने ऐकलेली शीळ सहज उचलली आणि मनानेच शेवटचा सूर वर चढवला.

दयाळ दचकला. त्याने आजूबाजूच्या फांद्यांवर नजर टाकली.

"गप्प बस," तो म्हणाला. "लोक हसतील."