विस्तव कुणाच्या घरी?

फार पूर्वी, काड्यापेटी कुणी पाहिलीही नव्हती तेव्हा, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक म्हातारा विणकर राहत होता. त्या गावची एक रीत होती. कुणाची चूल विझली की घरची बाई खापरी घेऊन शेजारी जायची आणि दोन निखारे मागून आणायची. विस्तवाला कुणी नाही म्हणायचं नाही, असा शिरस्ता. त्यामुळे चकमक झाडून आग पेटवायची सवयच गावाने सोडून दिली होती.

विणकराचा जीव मात्र सदा टांगणीला. त्यातून लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि तिची आई तर केव्हाच वारलेली. छप्पर गळलं तर? सुईणीचा पाय मुरगळला तर? गाय आटली तर? मागावर हात चालायचे, मन भलतीकडेच असायचं.

एकदा लेक म्हणाली, “तात्या, नुसतं ‘तर, तर’ करून काळजी सरत नाही आणि कापडही होत नाही. ज्याचं काही करता येईल ते करा, बाकीचं देवावर सोडा.”

म्हाताऱ्याला ते पटलं. छपराचा गळका कोपरा त्याने शाकारून घेतला. मग चुलीकडे बघत पुटपुटला, “आणि सगळ्याच चुली एकदम विझल्या तर?”

लेक हसली, पण या वेळी तो उठला. अडगळीतून वाडवडिलांची चकमक आणि गारगोटी शोधून काढली. ठिणगी धरायला शेवरीचा कापूस वाळवून पोकळ भोपळ्यात भरला, त्याचं तोंड मेणाने बंद केलं आणि भोपळा आढ्याला टांगला. माळ्यावर सुकी लाकडं रचली.

शेजारीण दारातूनच म्हणाली, “तात्या, विस्तवाचं लोणचं घालताय की काय? अहो, इतकी घरं आहेत. कुणाकडे तरी असेलच की!”

म्हातारा ओशाळला. आपलं जरा अतीच होतं, असं त्याला वाटलं. भोपळा उतरवायला त्याने हातही उचलला, पण मन होईना.

पुढे ऐन थंडीत, ध्यानीमनी नसताना, गारांचा पाऊस कोसळला. वाऱ्याने छपरं उडाली, घराघरांत पाणी शिरलं. म्हाताऱ्याची चूलही विझली. आणि त्यातच लेकीला कळा सुरू झाल्या.

सुईण आली. म्हणाली, “पाणी तापवा, शेगडी पेटवा. या गारठ्यात बाळ तग धरायचं नाही.”

शेजारीण खापरी घेऊन धावली. चावडीपाशी पाहते तो गावातल्या साऱ्या बाया रिकाम्या खापऱ्या घेऊन उभ्या.

“अगं, मी तुझ्याकडेच निघाले होते!”

“आणि मी तुझ्याकडे!”

शेजारीण रिकामी खापरी घेऊनच परतली. तोवर म्हाताऱ्याने भोपळा फोडला होता. कापूस कोरडा होता, पण गारठलेल्या बोटांतून चकमक निसटत होती. ठिणगी पडायची आणि वाऱ्यावर विझायची.

“माझ्याच्याने होत नाही गं. मला वाटलंच होतं, माझं काहीतरी चुकणार.”

“चुकू दे. तुम्ही झाडत राहा. मी घोंगडी आडवी धरते.”

आतून लेकीची किंकाळी आली. म्हाताऱ्याने दात आवळले आणि पुन्हा झाडायला लागला. अखेर एक ठिणगी कापसात रुतली. शेजारणीने जपून फुंकर घातली. धूर आला, आणि मग जाळ.

दिवेलागणीला शेकाच्या उबेत बाळ मोठ्याने रडलं. लेक सुखरूप होती.

दाराशी खापऱ्यांची रांग लागली. म्हाताऱ्याने सगळ्यांना निखारे दिले. शेजारीण निखारे घेऊनही जाईना.

“अजून काय हवं?”

“मूठभर कापूस द्या. आणि चकमक झाडायला शिकवा.”

“आता कशाला? माझ्याकडे आहे की विस्तव.”

“आणि तुमचा विझला, तर तुम्ही कुणाकडे जाल, तात्या?”

तात्पर्य: वेळेला कुणीतरी असेलच, असं सगळेच म्हणाले की कुणीच नसतं. काळजी वाटण्यात गैर काही नाही. फक्त तिला वेळीच कामाला लावावं.