जिवाईची कवळण

मोरघळच्या जिवाईच्या देवळात डाव्या हाताला एक बुटकी ओवरी आहे. तिन्ही अंगांनी भिंत, त्यामुळे आत वारा लागत नाही, आणि कोपऱ्यात कायम एक शेगडी. नवख्याला वाटतं, पुजाऱ्याचं स्वयंपाकघर असावं. मग गुंडू गुरव पाहुण्यांना पायरीवर बसवतात आणि सांगतात, "ही कवळणीची ओवरी. अपुऱ्या दिवसांचं लेकरू वैद्याला दाखवायचं ते इथं."

असं सांगतात की, फार मागं ठकूबाई नावाची धनगरीण नवऱ्यासोबत मेंढरं घेऊन या खोऱ्यात उतरली होती. सातव्या महिन्यातच ती बाळंत झाली. लेकरू ओंजळीत मावेल एवढं. कातडी इतकी पातळ, की आतल्या शिरा दिसाव्यात. थोडे दिवस बरे गेले आणि त्याला ताप भरला. नवरा पेठेतून नरहरी वैद्यांना देवळात घेऊन आला.

वैद्य जाणता माणूस. त्यांनी ओवरीत लेकराला पाटावर उताणं ठेवलं, हातपाय सरळ केले आणि पोट चाचपलं. तसं लेकरू ताठ झालं, हात फेकू लागलं, आणि रडता रडता त्याचा श्वासच अडकला. ओठ निळे पडले. ठकूबाईनं झडप घालून उचललं, तेव्हा कुठं श्वास परत आला. पुन्हा ठेवलं, पुन्हा तेच. वैद्यांनी हात मागं घेतला.

"बाई, तपासल्याशिवाय दुखणं कळायचं नाही," ते म्हणाले, "आणि तपासायला गेलो तर हे हाती लागायचं नाही."

ठकूबाई लेकराला घेऊन देवीपुढं बसली. हंबरडा फुटू पाहत होता, पण पोर दचकेल म्हणून तिनं तो गिळला. "आई, एवढं तरू दे," ती पुटपुटली. "मग जिचं लेकरू असं अपुरं असंल, तिच्या जोडीला मी बसंन." बोलता बोलता तिचं खाली लक्ष गेलं. लेकरू तिच्या तळव्यांत गुडघे पोटाशी घेऊन, मुठी तोंडाशी नेऊन निवांत पडलं होतं. अपुरं जन्मलेलं कोकरू ती घोंगडीत असंच मुडपून नेत असे.

ती ओवरीत आली. "वैद्यबुवा, तुमी बघा. पर ह्येला माझ्या हातातनं काढू नगा."

वैद्य मानी खरे, हट्टी नव्हते. त्यांनी स्वतःच शेगडी मागवली आणि बोटं शेकून घेतली. ठकूबाईनं एक तळवा डोक्याला, एक पावलांना लावून लेकरू कवळलं; हीच ती कवळण. नवऱ्यानं वाटीतला तिच्याच दुधाचा थेंब जिभेवर सोडला. लेकरू चोखू लागेपर्यंत वैद्य थांबले. मग त्यांची बोटं हलकेच पोटावरून फिरली आणि बेंबीपाशी थबकली. आत पू धरला होता. पू काढायला त्यांनी सुई टोचली तेव्हा लेकरू कण्हलं, त्यानं आईच्या तळव्यावर पावलं रेटली आणि दुसऱ्या थेंबासरशी निवलं. श्वास चालूच राहिला.

"आता ताप उतरेल," वैद्य म्हणाले. ठकूबाई तेव्हा कुठं रडली.

पुढं मेंढरं गेली, पण बोललेला नवस फेडायला ती मोरघळलाच राहिली म्हणे.

आजही खोऱ्यात असं लेकरू असलं, की नर्सबाई याच ओवरीत येतात. आधी हात शेकतात. आई लेकरू कवळून धरते, जोडीला गावातली एक जाणती बाई बसते, आणि तिनं मान डोलावल्याखेरीज सुई पुढं येत नाही. लेकरं रडत नाहीत का, असं कुणी विचारलं, तर गुरव म्हणतात, "रडतात की. पण एकटी नाही रडत."