चंद्री शेळीची चूळ

माणसं काठीने चेंडू खळग्यात ढकलायला लांबून लांबून माळावर येऊ लागली, त्या काळची ही गोष्ट. त्या खेळासाठी राखलेल्या मऊ हिरवळीवर चंद्री शेळीचा कधीपासून डोळा होता. वैशाखातल्या एका दुपारी राखणदाराला डुलकी लागली आणि चंद्रीने कुंपणावरून उडी टाकून भला मोठा लचका तोडला.

घास चाववेना आणि गिळवेना! थू थू करत ती शेजारच्या तळ्यावर धावली आणि खळखळून चुळा भरू लागली.

"मेल्यांनी प्लास्टिकचं गवत अंथरलंय!" ती काठावरच्या बेडकावर खेकसली. "माझ्या तोंडचा घास काढला! आणि तू दात काढतोयस?"

"हसू नको तर काय करू, मावशी? गेल्या वैशाखात तिथे खरं गवत होतं. त्याला पाजता पाजता हे तळं आटलं. मी चिखलात स्वतःला पुरून घेतलं होतं आणि तुम्ही पाण्यासाठी गाव पालथं घातलंत."

चंद्रीला ते आठवलं. पण शेळीच ती, हार कशी मानेल?

"तरी त्या गवताला चव नाही ती नाहीच!"

"नाही ना," बेडूक म्हणाला, "पण त्याला तहानही नाही." आणि त्याने पाण्यात सूर मारला.

चंद्रीने पुन्हा तोंडभर पाणी घेतलं. या वेळी मात्र ती थुंकली नाही.