लवू आणि पंचायतीची छर्‍याची बंदूक

एका गावात एक भोळा राखण्या होता. भोळा तो जन्मापासूनच होता. राखण्या त्याला ग्रामपंचायतीने केलं. नाव लवू. तुम्ही म्हणाल, असल्या माणसाला राखण्या कशाला केलं? अहो, शहाणी माणसं सगळी ठराव मांडण्यात गुंतली होती.

झालं होतं असं, की गावात माकडांनी उच्छाद मांडला होता. नारळ पाडायची, केळी ओरबाडायची, कौलं उचकटायची. पंचायतीने बैठकांवर बैठका घेतल्या आणि एक छर्‍याची बंदूक आणली. दट्ट्या मारून तिच्यात हवा भरायची, चाप ओढायचा. आतला वॉल्व्ह उघडतो, हवा सुटते आणि फट्टदिशी आवाज होतो. छर्रा घालायचा नाही, माकडांनी नुसत्या आवाजाने पळावं, असाही एक ठराव झाला.

सरपंच रावजीअण्णा लवूला म्हणाले, "हे बघ, बंदुकीच्या उद्घाटनाला तालुक्याहून सभापती येणार. त्या दिवशी बार वाजला, तर तुझ्या नेमणुकीवर सही. नाही वाजला, तर बस घरी."

शेवंतीचा बाप धाकू तिथेच तंबाखू मळत बसला होता. लवूचं आणि शेवंतीचं लग्न जमत आलं होतं. धाकू म्हणाला, "सही झाली तर मुलगी देतो. नाहीतर बघतो दुसरीकडे."

लवूने मान डोलावली. त्याला शेवंती फार आवडायची. आता शेवंती मिळणं न मिळणं त्या बंदुकीच्या वॉल्व्हवर येऊन ठेपलं होतं.

मग त्याने बंदुकीची काळजी घ्यायला सुरुवात केली. आई त्याच्या डोक्याला खोबरेल चोळायची, म्हणून त्याने बंदुकीला पोटभर खोबरेल पाजलं. दिवस थंडीचे. सकाळी दट्ट्या मारला, चाप ओढला. बंदूक गप्प.

लवू धावत दामू मेस्त्रीकडे गेला. मेस्त्री स्टोव्ह, पंप, शिलाई मशीन, काय वाटेल ते दुरुस्त करायचा आणि करता करता शिव्या घालायचा. त्याने बंदूक उघडली. आत पांढरंफेक खोबरेल थिजलेलं.

"अरे शहाण्या, खोबरेल थंडीत गोठतं! वॉल्व्ह चिकटून बसलाय. असं झालं की ऊब द्यायची. जरा वेळ उन्हात ठेवायचं."

"ऊब द्यायची," लवू म्हणाला आणि मान डोलावली.

मेस्त्रीने साफ केलेली बंदूक ठणठणीत वाजली. पण दोनचार दिवसांनी वॉल्व्हच्या कडेने हवा सुटायला लागली. सुस्स सुस्स. लवूला धडा पाठ होता. त्याने बंदूक चुलीच्या तोंडाशी ठेवली आणि वर दोन लाकडं सारली. ऊब कमी पडायला नको! आतला रबराचा वायसर विरघळून वॉल्व्हला असा चिकटला, की सुटता सुटेना.

"अरे रबर ते!" मेस्त्री कपाळावर हात मारून ओरडला. "रबराला ऊब देतात होय? रबर कसं गारव्याला ठेवावं!"

"गारव्याला," लवू म्हणाला आणि मान डोलावली.

मेस्त्रीने नवा वायसर घातला. लवूने घरी जाता जाता विचार केला, गावात सगळ्यात गार काय? पंचायतीची विहीर. बंदूक दोरीला बांधली आणि सोडली आत. दुसऱ्या दिवशी वर काढली, तर नळीतून आधी पाणी आलं, मग एक बेडूक आला. बार काही आला नाही.

मेस्त्री आता हुंदके द्यायचा तेवढा बाकी होता. "अरे लोखंड आहे रे ते! गंजला ना वॉल्व्ह! ओलं झालं की उघडायचं, एकेक भाग सुटा करायचा, पुसायचा आणि कोरडा होऊ द्यायचा. कळलं? आता ती ठाकठीक केलीय. तिला काही म्हणजे काही करू नकोस. मलाही तोंड दाखवू नकोस."

"ओलं झालं की सुटं करायचं," लवू म्हणाला आणि मान डोलावली.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. मांडव घातला, केळीचे खांब बांधले, झेंडूचे हार लागले. पहाटेच्या दवाने लाऊडस्पीकर ओलाचिंब झाला होता. लवूने तो उघडला, एकेक भाग सुटा केला, पुसला आणि चटईवर ओळीने मांडला. सरपंचांचं भाषण आता कोणाला ऐकू जाणार नव्हतं. गावातल्या बऱ्याच जणांनी त्या दिवशी पहिल्यांदा लवूची पाठ थोपटली.

सरपंच मात्र लालबुंद झाले. "लवू, आज स्वतःचं डोकं चालवलंस तर याद राख! मी सांगतो तेवढंच करायचं. जो फीत कापेल, त्याच्या खांद्यावर शाल घालायची. त्याच्या हातात श्रीफळ द्यायचं. वाकून नमस्कार करायचा. मग बार काढायचा. त्याआधी बंदुकीला हात लावायचा नाही. काय?"

"जो फीत कापेल, त्याला."

"हां!"

तेवढ्यात सभापतींची गाडी वेशीवर आल्याची बातमी आली. सरपंच, सदस्य, ढोलताशे, सगळा गाव वेशीकडे पळाला. मांडवात उरला एकटा लवू.

आणि माकडं आली.

त्यांनी आधी केळी संपवली. मग झेंडूचे हार चाखून थुंकले. एक पिल्लू सभापतींच्या खुर्चीत बसलं आणि खुर्चीत जे करू नये ते करून उतरलं. लवू बंदुकीकडे बघत राहिला. बंदूक अगदी ठाकठीक. पण फीत कुठे कापली होती?

शेवटी एक थोराड हुप्प्या पुढे आला. त्याने लाल फीत ओढून पाहिली, तोंडात धरली आणि दातांनी कचकन कापली.

लवूने सुटकेचा निःश्वास सोडला. त्याने अदबीने हुप्प्याच्या खांद्यावर शाल घातली. हातात श्रीफळ दिलं. वाकून नमस्कार केला. मग दट्ट्या मारला आणि चाप ओढला.

फट्ट! अहाहा, काय बार वाजला! वॉल्व्ह लोण्यासारखा उघडला. माकडं झाडांवर पसार झाली. शाल आणि श्रीफळ घेऊन हुप्प्या माडाच्या शेंड्यावर.

तेवढ्यात सभापती मांडवात शिरले. लवू हात जोडून म्हणाला, "उद्घाटन झालं साहेब. जरा उशीर झाला तुम्हाला."

सरपंचांनी डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर आपटली. ते किंचाळले, "गाढवा, माकडाच्या हस्ते उद्घाटन? मग तुझ्या नेमणुकीवर सहीपण त्याच माकडाची घे, जा!"

लवूने मान डोलावली.

संध्याकाळी धाकू बागेतून चालला होता. बघतो तर माडाखाली लवू. एका हातात नेमणुकीचा कागद, दुसऱ्या हातात पेन, नजर शेंड्याकडे.

"काय रे लवू, झाली का सही?"

"झाल्यात जमा आहे, मामा," लवू म्हणाला. "साहेब वर बसलेत, नारळ खातायत. खाली उतरले की करतीलच."

धाकूने वर पाहिलंसुद्धा नाही. तालुक्याच्या कचेरीत त्याने आयुष्यभर हेच ऐकलं होतं.

"मग हरकत नाही," तो म्हणाला आणि लग्नाची सुपारी फोडायला घरी गेला.