खाडीतले भोपळे

कोणत्या राजाचं राज्य होतं ते आता कुणालाच आठवत नाही, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. एका खाडीच्या काठी होडीवाल्यांचं गाव होतं. खाडी दिसायला शांत, पण पाण्याखाली खडकच खडक.

म्हणून त्या गावानं एक रीत घातली होती. ज्याची होडी लपलेल्या खडकावर आपटेल, त्यानं घरी जाण्याआधी तिथं बांबू रोवायचा आणि आपल्या डोक्याचं फडकं त्याला बांधायचं. मागून येणाऱ्याला कळावं, इथं धोका आहे.

रीत चांगलीच होती हो. पण गावानं तिला एक वाईट खोड लावून ठेवली. बांबू ज्यानं रोवला, त्याच्याच नावानं तो ओळखायचा आणि त्या माणसाला जन्मभर हसायचं. माणूस मरून जाई, तरी त्याच्या नातवाला लोक म्हणत, "तुझ्या आजाच्या बांबूपाशी मासे बरे लागतात हं." ज्यानं आपल्याला वाचवलं त्यालाच चिडवायचं, ही कुठली माणुसकी? पण गावाला कोण सांगणार.

त्या गावात एक म्हातारा तांडेल होता. पन्नास वर्षं त्यानं होडी हाकली, पण त्याच्या नावाचा एकही बांबू खाडीत नव्हता. त्यामुळे पाण्याचं असो, सोयरिकीचं असो, की जमिनीचं, काही विचारायचं झालं की लोक त्याच्या ओटीवर येत. त्यालाही ते आवडायचं. का नाही आवडणार?

एके दिवशी सकाळी भरतीबरोबर एक सुकवलेला भोपळा वाहत आला आणि तांडेलाच्या पायरीला लागला. भोपळ्याचं तोंड लाखेनं बंद केलेलं होतं. आत दहा शिंपले आणि एक ताडपत्र. त्यावर लिहिलं होतं, "आम्ही परमुलखातले मोठे व्यापारी आहोत. हजारांतून तुमची निवड झाली आहे. हे शिंपले घासून भोपळ्यात भरा आणि ओहोटीला सोडा. घरबसल्या मोबदला मिळेल. मात्र कुणाला सांगू नका. सांगितलंत तर ही संधी दुसऱ्याला जाईल."

शिंपले घासायला असा कितीसा वेळ लागतो? तांडेलानं ते घासले आणि ओहोटीला सोडून दिले. पुढच्या भरतीला भोपळा परत आला. आत चांदीचं एक नाणं होतं.

आता तुम्ही म्हणाल, दहा शिंपले घासायला चांदीचं नाणं कोण देतं? तांडेलालाही हे सुचायला हवं होतं. पण नाणं खरं होतं, त्यानं दातानं चावून पाहिलं होतं. ते खरं नाणं हातात आलं आणि त्याची अक्कल गहाण पडली.

मग पत्र आलं, "पाच नाणी आमच्याकडे ठेवा, दहा देऊ." त्यानं पाच ठेवली, दहा आली. मग आलं, "शंभर ठेवा, दोनशे देऊ. पण आजच. उद्या मुदत संपते." तांडेलानं म्हातारपणासाठी ठेवलेली सगळी पुंजी भोपळ्यात भरली. उत्तर आलं, "तुमची दोनशे नाणी तयार आहेत. फक्त जकातीची वीस पाठवा, की लगेच सोडतो." आपलेच पैसे मिळवायला पैसे का भरायचे, हा प्रश्न त्याला पडला, पण त्यानं तो बाजूला सारला. गेलेल्या बायकोच्या पाटल्या मोडून त्यानं जकात भरली.

त्यानंतर भोपळा आला नाही. आठ दिवस तांडेल भरतीच्या वेळी पायरीवर बसून राहिला. नवव्या दिवशी त्याला कळून चुकलं.

खाडीच्या तोंडाशी राजाची चौकी होती. होडीनं जायला घटकाभरही वेळ लागला नसता. तांडेल दोनदा होडीपर्यंत गेला आणि दोनदा परत फिरला. "चौकीवर सांगितलं की दुपारपर्यंत गावभर होणार," तो मनाशी म्हणाला. "पन्नास वर्षं कुणाला हसू दिलं नाही. आता या वयात शोभा करून घेऊ?" आणि तो मूग गिळून गप्प बसला.

काही दिवसांनी त्याची पुतणी आली. बाई विधवा होती, पदरात दोन लहान पोरं. नवऱ्याची होडी भाड्यानं देऊन ती घर चालवायची. तिनं पदराखालून एक भोपळा काढला.

"काका, हे माझ्या पायरीला लागलं. शिंपले घासून दिले तर दोनदा नाणी आली बघा. आता म्हणतात, मोठी रक्कम ठेवा, दुप्पट देऊ. माझ्याजवळ होडीशिवाय आहे काय? विकू का होडी?"

तांडेलानं भोपळ्यावरची लाख पाहिली. तीच होती. "नको" हा शब्द त्याच्या ओठांपर्यंत आला. पण नको म्हटलं तर ती विचारणार, तुम्हाला कसं ठाऊक? तो हातातल्या जाळ्याकडे बघत म्हणाला, "मला यातलं काय कळतं, बाई? तुझं तू बघ."

काका नको म्हणाले नाहीत, म्हणजे वाईट काही नसणार, असं तिनं मनाशी धरलं. पलीकडच्या काठावरच्या एकाला तिनं होडी विकली. आलेली नाणी त्याच दिवशी ओहोटीबरोबर गेली. महिना झाला नसेल, ती दोन्ही पोरांना घेऊन मिठागरावर मजुरीला गेली. त्या खारट पाण्यात तिच्या पायांना भेगा पडल्या, आणि पोरंही टोपल्या उचलू लागली.

हे ऐकल्यावर तांडेलाला घास जाईना. शेवटी तो चौकीवर गेला आणि सगळं सांगितलं.

"कधीपासूनचं हे?" हवालदारानं विचारलं.

"दोन महिने झाले."

हवालदारानं खाडीबाहेरच्या रिकाम्या पाण्याकडे बोट केलं. मग म्हणाला, "दोन महिने एक गलबत खाडीबाहेर उभं होतं, तांडेल. विचारलं तर म्हणायचे, वारा पडलाय. कुणाची तक्रार नाही, मग मी त्यांना धरायचं कशावरून? परवाच शीड चढवून गेले. एक माणूस जरी येऊन बोलला असता, तरी मी त्यांना हलू दिलं नसतं."

तांडेल गावात आला. त्यानं चावडीवर माणसं जमवली आणि डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं. काही न लपवता त्यानं सगळं सांगितलं. आता हसतील म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला.

कुणीही हसलं नाही. एक जाळं विणणारा उठला, घरी गेला आणि एक भोपळा घेऊन आला. मग दुसरा उठला. मग एक म्हातारी उठली. दुपारपर्यंत चावडीवर अकरा भोपळे जमले. प्रत्येकातल्या पत्रावर तेच होतं, हजारांतून तुमची निवड झाली आहे. शेजाऱ्यानं शेजाऱ्यापासून, बायकोनं नवऱ्यापासून लपवलं होतं. त्यातले चौघे तर तांडेलाच्या आधी फसले होते. त्यांच्यापैकी एकानं तोंड उघडलं असतं, तर तांडेल वाचला असता. आणि तांडेलानं उघडलं असतं, तर पुतणी वाचली असती.

तांडेलानं आपली होडी घेतली आणि मिठागर गाठलं. पुतणी मीठ ओढत होती.

"ही होडी तुझी," तो म्हणाला. "पोरांना घेऊन घरी चल."

"काका, मी विचारायला आले तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

तिनं हातातलं काम पुरं केलं, हात धुतले, पोरांना हाक मारली. मग म्हणाली, "होडी घेते. पोरांसाठी घेते. पण यापुढे काही विचारायचं झालं, तर तुमच्याकडे यायची नाही."

ती गेली नाही, आणि हळूहळू गावातलं दुसरंही कुणी जाईनासं झालं. तांडेल ओटीवर बसलेला असे, लोक मान खाली घालून समोरून जात. जे नाव राखायला तो गप्प बसला, ते नाव त्या गप्प बसण्यानंच गेलं.

तेव्हा लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: फसवणूक कळली की त्याच दिवशी मोकळेपणानं सांगा, कारण लाजेपोटी आपण गप्प बसलो तर पुढच्या माणसाच्या बुडण्यात आपलाही हात असतो.